विश्लेषण : सरकारी समितीत बसूनही कामगारांचेच राहता येते? ना. म. जोशी यांच्या कारकीर्दीतून काय दिसते?

लोअर परळच्या जुन्या डिलाइल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाच्या बातम्यांत हे नाव वारंवार येते. पण ज्यांचे नाव या रस्त्याला आहे, त्या कामगार नेत्याने सुमारे पाव शतक केंद्रीय कायदेमंडळात सरकारनियुक्त सदस्य म्हणून काढले, हे फारसे कुणाला आठवत नाही. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगावर ते बसले, म्हणून सहकाऱ्यांची टीकाही त्यांनी सोसली. ज्या कामगार कायद्यांसाठी त्यांनी सभागृहात आणि आयोगांत झगडा केला, ते कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहितांमध्ये सामावले गेले आहेत. या निमित्ताने जोशी यांची कारकीर्द, तिच्यावरचे आक्षेप आणि तिचा आजच्या कामगाराशी असलेला संबंध समजून घ्यायला हवा.

शीवमधील कोणती संस्था या इतिहासाशी जोडलेली आहे?

शीवला एन. एस. मानकीकर मार्गावर केंद्रीय श्रम संस्था, म्हणजे सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे. कारखान्यांतील सुरक्षा, कामगारांचे आरोग्य, विषारी वायू, धूळ, आवाज, यंत्रांची रचना अशा विषयांवर येथे अभ्यास आणि प्रशिक्षण चालते. औद्योगिक सुरक्षेची पदविका घेऊन येथून बाहेर पडलेले अधिकारी राज्यभरातील कारखान्यांत ‘सेफ्टी ऑफिसर’ म्हणून काम करतात. दर वर्षी ४ मार्चला कारखान्यांच्या फाटकांवर सुरक्षा दिनाचे फलक लागतात. तो दिवस ज्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या स्थापनेचा आहे, ती परिषदही १९६६ मध्ये सुरुवातीला शीवच्या याच वास्तूतून काम करू लागली.

ही संस्था केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या ज्या यंत्रणेचा भाग आहे, तिची सुरुवात १९४५ मध्ये ‘कारखान्यांचे मुख्य सल्लागार’ या कार्यालयाने झाली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. मात्र कारखानाविषयक कायद्यांच्या अंमलबजावणीत प्रांतांमध्ये समन्वय ठेवण्यासाठी केंद्राकडे असा अधिकारी असावा, ही सूचना त्याआधी १४ वर्षे, १९३१ मध्ये, एका शाही आयोगाने केली होती. त्या आयोगाच्या सदस्यांमध्ये परळच्या गिरणगावात काम करणारे नारायण मल्हार जोशी होते.

ना. म. जोशी कोण होते?

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्यात शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे शिक्षकाची नोकरी केली. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत, म्हणजे भारत सेवक समाजात दाखल झाले. या संस्थेच्या सदस्याला शपथ घ्यावी लागे. स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करायची नाही आणि संस्था कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत समाधान मानायचे, हा त्या शपथेचा एक भाग होता. जोशी यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना ही अट लक्षात ठेवावी लागते.

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने, साथीच्या रोगांत मदत अशी कामे लीगने केली. कामगार रंगभूमीचे घर ठरलेले परळचे दामोदर नाट्यगृह याच लीगचे. म्हणजे जोशी कामगार चळवळीत आले ते संपाच्या सभेतून नव्हे, चाळीतल्या रात्रशाळेतून. त्यामुळे काही जण त्यांना कामगार पुढाऱ्यापेक्षा समाजसेवक मानत. पण कामगाराच्या घरचे कर्ज, आजारपण आणि बाळंतपण त्यांनी जवळून पाहिले होते. पुढे कायदेमंडळात त्यांनी मांडलेले विषयही नेमके हेच होते.

त्यांची पहिलीच नेमणूक वादग्रस्त का ठरली?

पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. तिची पहिली परिषद १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरली. प्रत्येक देशातून सरकारचे, मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी पाठवायचे होते. कामगारांचा प्रतिनिधी देशातील प्रातिनिधिक कामगार संघटनांच्या संमतीने निवडावा, अशी करारातील अट होती. भारतात तेव्हा देशव्यापी संघटनाच नव्हती. सरकारने जोशी यांचे नाव ठरवले आणि मद्रासचे बी. पी. वाडिया त्यांचे सल्लागार म्हणून गेले.

कामगारांचा प्रतिनिधी सरकारने कसा निवडायचा, हा प्रश्न लगेच उभा राहिला. त्यातूनच देशव्यापी संघटनेची गरज अधिक तीव्रतेने जाणवली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरमध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली. लाला लजपतराय अध्यक्ष होते; जोसेफ बॅप्टिस्टा, दिवाण चमनलाल आणि स्वतः जोशी तिच्या उभारणीत होते. म्हणजे जोशी यांची नेमणूक ज्या उणिवेमुळे वादग्रस्त ठरली, ती उणीव भरून काढण्याच्या कामात तेही सामील झाले. पुढे १९२५ ते १९२९ या काळात ते आयटकचे सरचिटणीस होते.

वॉशिंग्टन परिषदेचा एक ठोस परिणाम झाला. १९११ च्या कायद्याने भारतातील कापड गिरण्यांत पुरुष कामगाराकडून दिवसाला १२ तासांपर्यंत काम करून घेता येत असे. परिषदेत भारतासाठी आठवड्याला ६० तासांची मर्यादा ठरली. युरोपातील ४८ तासांच्या तुलनेत ती जास्तच होती. तरीही १९२२ च्या दुरुस्तीने दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास अशी मर्यादा कायद्यात आली.

कायदेमंडळात एकटा कामगार प्रतिनिधी काय करू शकला?

१९२१ मध्ये जोशी यांना केंद्रीय कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नेमण्यात आले. सुमारे १४५ जणांच्या त्या सभागृहात जमीनदार, व्यापारी, युरोपीय मालक यांचे प्रतिनिधी होते. कामगाराला मताचा अधिकार जवळपास नव्हता. त्यामुळे कामगारांच्या वतीने निवडून येण्याचा मार्गही बंद होता.

१ मार्च १९२१ रोजी त्यांनी कामगार संघटनांची नोंदणी आणि त्यांना संरक्षण यांसाठी कायदा करावा, असा ठराव मांडला. त्याला ताजे कारण होते. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटक गिरण्यांच्या व्यवस्थापनाने वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला होता. कामगारांना संघटित करणे आणि संपाला पाठिंबा देणे हे मालकाचे नुकसान ठरवून पुढाऱ्यांकडून भरपाई मागता येते, असा धोका त्यातून दिसला. एखाद्या संघटकाचे घरदार एका दाव्यात जाऊ शकत होते.

सरकारने ठराव मान्य केला, पण कायदा व्हायला पाच वर्षे लागली. १९२६ चा कामगार संघटना कायदा १ जून १९२७ पासून अमलात आला. सात जण मिळून संघटनेची नोंदणी करू शकतील, आणि नोंदणीकृत संघटनेच्या पदाधिकाऱ्यांवर संपाच्या कारणावरून काही ठरावीक दिवाणी व फौजदारी कारवाई करता येणार नाही, हे त्याचे सार होते. मालकाने संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे, अशी सक्ती मात्र त्यात नव्हती. ही उणीव पुढे अनेक दशके राहिली.

सगळेच प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. १९२४ मध्ये जोशी यांनी कारखाने, खाणी आणि मळ्यांतील स्त्रियांना बाळंतपणाच्या आधी व नंतर सुट्टी आणि भत्ता देणारे विधेयक आणले. सभागृहाने ते फेटाळले. पण विषय मेला नाही. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला. प्रांतिक कौन्सिलात त्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. संपूर्ण देशासाठीचा कायदा यायला १९६१ उजाडले.

संप चालवणारा आणि आयोगावर बसणारा माणूस एकच कसा?

१९२६ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियनचे जोशी अध्यक्ष होते. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिन्यांचा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. संप चालवणाऱ्या संयुक्त समितीत श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे साम्यवादी नेते होते आणि समितीचे अध्यक्षपद जोशी यांच्याकडे होते. म्हणजे केंद्रीय कायदेमंडळातील सरकारनियुक्त सदस्य गिरणगावातील तोवरच्या सर्वांत मोठ्या संपाच्या समितीचा अध्यक्ष होता. त्या काळी या दोन गोष्टी परस्परविरोधी मानल्या गेल्या नाहीत, निदान जोशी यांनी तरी मानल्या नाहीत.

पुढच्याच वर्षी हा समतोल कोसळला. १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतातील कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी शाही आयोग नेमला. ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे माजी अध्यक्ष जे. एच. व्हिटली त्याचे प्रमुख होते, म्हणून तो ‘व्हिटली आयोग’ म्हणून ओळखला जातो. सदस्यांमध्ये घनश्यामदास बिर्ला आणि सर व्हिक्टर ससून हे उद्योगपती होते. कामगारांच्या बाजूने जोशी, चमनलाल आणि ब्रिटनचे जॉन क्लिफ होते.

नागपूरची फूट कशामुळे पडली?

१९२९ च्या अखेरीस आयटकचे अधिवेशन नागपूरला भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. सायमन आयोगावर बहिष्कार टाकून देशाला फार काळ लोटला नव्हता. मीरत कटाच्या खटल्यात गिरणगावचे अनेक साम्यवादी नेते तुरुंगात होते. ज्या सरकारने कामगार नेत्यांना कैदेत टाकले, त्याच सरकारच्या आयोगापुढे साक्ष द्यायची कशी, असा प्रश्न अनेक प्रतिनिधींना पडला. व्हिटली आयोगावर बहिष्काराचा ठराव मंजूर झाला.

जोशी आणि चमनलाल तर आयोगाचे सदस्यच होते. ते, व्ही. व्ही. गिरी, बी. शिवराव, आर. आर. बखले आदी मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी इंडियन ट्रेड्स युनियन फेडरेशन ही वेगळी संघटना काढली. बहिष्काराच्या बाजूचा मुद्दा असा की, आयोगात बसल्याने परक्या सरकारच्या कारभाराला कामगारांची संमती असल्याचा देखावा उभा राहतो. जोशी यांच्या बाजूचा मुद्दा असा की, मालकांचे प्रतिनिधी आत असताना कामगारांची बाजू मांडणारा कुणीच नसेल, तर अहवाल एकतर्फी होईल. दोन्ही मुद्द्यांत तथ्य होते. फुटीची किंमत मात्र कामगारांनी मोजली. १९३० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत वेतनकपातीला तोंड देताना चळवळ विभागलेली होती.

ही फूट कायमची राहिली नाही. १९४० पर्यंत दोन्ही प्रवाह पुन्हा एकत्र आले आणि आयटकच्या सरचिटणीसपदासाठी सर्वांना चालेल असे नाव पुन्हा जोशी यांचेच निघाले. १९४८ पर्यंत ते त्या पदावर राहिले. ज्यांनी त्यांना सुधारणावादी म्हणून हिणवले होते, त्यांच्यापैकी अनेकांबरोबर त्यांनी या काळात काम केले.

आयोगाने प्रत्यक्षात काय दिले?

१९३१ च्या अहवालाने गिरणगावातील माणसाला रोज दिसणाऱ्या गोष्टी सरकारी कागदावर आणल्या. बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोनतृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत, असे आयोगाने म्हटले. कामावर घेणे, ठेवणे आणि काढणे हे जॉबरच्या हातात असल्याने लाच कशी द्यावी लागते, याची नोंद झाली. पगार उशिरा देणे आणि दंडाच्या नावाखाली कापणे, दाटीवाटीची घरे, आजारपणात बुडणारा रोज यांवर शिफारशी झाल्या.

त्यांपैकी काही कायद्यात उतरल्या. १९३४ च्या कारखाना कायद्याने बारमाही कारखान्यांत दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तास अशी मर्यादा आली. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने पगार कधी द्यायचा हे ठरले. हजारपेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी सात दिवसांत आणि इतरत्र दहा दिवसांत. दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त घेता येणार नाही, असेही बंधन आले. आजारपणाच्या विम्याचा विषय पुढे प्रा. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालात आणि १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्यात पोहोचला. कामाचे तास १९४६ मध्ये आठवड्याला ४८ वर आले.

याआधीच्या पिढीशी तुलना केली तर फरक कळतो. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन रविवारची सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्यांचे निवेदन फॅक्टरी आयोगासाठी तयार केले. ४७ वर्षांनी जोशी अहवालावर सही करणाऱ्यांत होते. निवेदन देणाऱ्याच्या जागेवरून कामगारांचा माणूस अहवाल लिहिणाऱ्याच्या जागेवर गेला होता.

ब्रिटनमध्ये कामगार पुढाऱ्यांची वाट वेगळी कशी होती?

जोशी यांचे आयोगातील सहकारी जॉन क्लिफ हे ब्रिटनच्या ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियनचे सहायक सरचिटणीस होते. १९३३ मध्ये लंडनची बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे एका सार्वजनिक मंडळाखाली आली, तेव्हा क्लिफ त्या लंडन पॅसेंजर ट्रान्सपोर्ट बोर्डाचे सदस्य झाले. कालपर्यंत बसचालकांच्या वतीने वाटाघाटी करणारा माणूस आता त्याच सेवेच्या व्यवस्थापनात बसला.

ब्रिटनमध्ये ही वाट पुढे रुंद झाली. क्लिफ यांच्याच संघटनेचे सरचिटणीस अर्नेस्ट बेव्हिन १९४० मध्ये कामगारमंत्री आणि १९४५ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. ब्रिटिश ट्रेड्स युनियन काँग्रेसचे वॉल्टर सिट्रीन दोन दशके सरचिटणीस राहिल्यावर राष्ट्रीय कोळसा मंडळावर गेले आणि १९४७ पासून सरकारी वीज मंडळाचे अध्यक्ष झाले. या मंडळींनी वेतनाच्या वाटाघाटींची रीत आणि कामगार कल्याणाचे विचार कारभारात नेले, हे खरे. पण मंडळाचा अध्यक्ष झालेला पुढारी संपाच्या वेळी कोणत्या बाजूला उभा राहणार, हा प्रश्न तिथल्या कामगारांनाही पडत असे.

जोशी यांच्या कारकीर्दीतला फरक इथे आहे. कायदेमंडळ, शाही आयोग, गोलमेज परिषद, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे नियामक मंडळ अशा अनेक ठिकाणी ते बसले, पण कामगारांची बाजू मांडणारे म्हणून. ज्या टेबलाभोवती बसले, त्याची मालकाकडची बाजू त्यांनी धरली नाही. शिवाय त्यांच्यामागे संघटनाही उभी होती.

सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगाराशी जोशी यांचा काय संबंध?

१९४६ मध्ये नेमलेल्या पहिल्या केंद्रीय वेतन आयोगात जोशी सदस्य होते. न्या. श्रीनिवास वरदाचारियर त्याचे अध्यक्ष होते. शिपायापासून सचिवापर्यंत सर्वांच्या पगाराचा एकत्रित विचार देशात प्रथमच होत होता. १९४७ च्या अहवालात सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याला ३० रुपये मूळ पगार आणि २५ रुपये महागाई भत्ता, असे ५५ रुपये किमान वेतन सुचवण्यात आले. किमान वेतन माणसाच्या गरजेवर ठरावे, ही कल्पना पुढच्या प्रत्येक वेतन आयोगाच्या चर्चेत राहिली.

व्हिटली यांच्या नावाची खूणही सरकारी कार्यालयांत उरली आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी ब्रिटनमध्ये मालक आणि कामगारांच्या संयुक्त परिषदांची योजना सुचवली होती. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९६६ मध्ये सुरू झालेली संयुक्त सल्लागार यंत्रणा, म्हणजे ‘जेसीएम’, त्याच धर्तीवर आहे.

आता आठवा वेतन आयोग काम करत आहे. न्या. रंजना प्रकाश देसाई त्याच्या अध्यक्ष आहेत. तीन सदस्यांच्या या आयोगात कामगार संघटनांचा प्रतिनिधी नाही. संघटना आपली निवेदने आयोगाकडे देऊ शकतात. १९४६ मध्ये एका कामगार नेत्याला आयोगाच्या आत जागा होती, हे या पार्श्वभूमीवर नजरेत भरते.

जोशी यांच्या मार्गाच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा नेमणुकीची. सरकारने नेमलेला प्रतिनिधी चांगला निघाला, तर ते कामगारांचे सुदैव. वाईट निघाला, तर त्याला परत बोलावण्याचा हक्क कामगारांना नसतो. दुसरी मर्यादा संथपणाची. संघटना कायद्याला पाच वर्षे, कारखाना सल्लागाराच्या कार्यालयाला १४ वर्षे आणि देशव्यापी प्रसूती कायद्याला ३७ वर्षे लागली. या काळात कामगारांची एक पिढी निघून गेली.

तिसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. सभागृहातील एकट्या सदस्याचे शब्द तेव्हाच वजनदार ठरले, जेव्हा बाहेर कामगार उभे होते. मद्रासचा संघर्ष ताजा असताना १९२१ चा ठराव मान्य झाला. बाहेरून तितका रेटा नसताना १९२४ चे प्रसूती विधेयक पडले. जोशी यांनी बाहेरची संघटना सोडली नाही, म्हणून आतल्या जागेचा काही उपयोग झाला. बहिष्कार टाकणाऱ्यांना आतल्या जागेचे महत्त्व कळले नाही, असे म्हणणेही सोपे ठरेल. बाहेरचा दबाव प्रामुख्याने त्यांनीच उभा केला होता.

श्रमसंहितांनंतर या इतिहासाचा अर्थ काय?

वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा अशा चार संहितांनी २९ केंद्रीय कायद्यांची जागा घेतली आहे. १९२६ चा संघटना कायदा औद्योगिक संबंध संहितेत, १९३६ चा वेतन प्रदान कायदा वेतन संहितेत आणि प्रसूती लाभ कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. विखुरलेले नियम एकत्र आले, लेखी नियुक्तिपत्र सर्वांना मिळेल, ॲपवर काम करणाऱ्यांचा उल्लेख प्रथमच कायद्यात आला, असे समर्थक सांगतात. ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीसाठी मान्यता द्यावी लागेल, ही तरतूदही आहे. १९२६ च्या कायद्यातील मोठी उणीव त्यातून काही अंशी भरून निघते.

दुसरीकडे, कोणत्याही उद्योगात संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस बंधनकारक झाली. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तोही संप मानला जाईल. सरकारच्या परवानगीशिवाय कपात किंवा टाळे लावण्याची मुभा असलेल्या आस्थापनांची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांपर्यंत गेली. निरीक्षक आता ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ झाला आहे. डोंबिवली एमआयडीसीतील २०१६ आणि २०२४ चे स्फोट आठवणाऱ्या माणसाला या शब्दबदलाचा प्रत्यक्ष अर्थ काय, हे विचारावेसे वाटेल. शीवच्या संस्थेत शिकवली जाणारी सुरक्षेची शिस्त कारखान्याच्या आत पोहोचते की नाही, हे शेवटी तपासणीवरच ठरते.

कामाच्या तासांचेही तसेच. १२ तासांचा दिवस १९२२ मध्ये ११ वर, १९३४ मध्ये १० वर आणि १९४६ मध्ये ९ वर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, त्यावरील कामाचा जादा मोबदला मिळेल, कामगाराची लेखी संमती लागेल, असे सरकारचे म्हणणे आहे. ज्या कामगाराला नोकरी टिकवायची आहे, तो संमती नाकारू शकेल का, असा संघटनांचा सवाल आहे.

मग आता कामगारांची बाजू मांडायची कुठे?

जोशी यांच्या काळात उभ्या राहिलेल्या विचाराचे एक फळ म्हणजे १९४२ पासून भरणारी त्रिपक्षीय भारतीय श्रम परिषद. सरकार, मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून कायद्यांची चर्चा करावी, हा तिचा हेतू. २०१५ मध्ये तिचे ४६ वे अधिवेशन झाले. त्यानंतर २०२५ अखेरपर्यंत एकही अधिवेशन झाले नाही. चार संहिता संमत झाल्या आणि लागूही झाल्या, पण या व्यासपीठावर त्यांची चर्चा झाली नाही, ही केंद्रीय कामगार संघटनांची तक्रार आहे.

३० मे १९५५ रोजी जोशी यांचे निधन झाले. सरकारी समितीत बसलेला माणूस कामगारांचा राहतो का, या प्रश्नाचे त्यांच्या कारकीर्दीतून मिळणारे उत्तर सशर्त आहे. त्याच्यामागे स्वतंत्र संघटना हवी, त्याने आत जे मिळवले त्याचा हिशेब बाहेर द्यायला हवा, आणि त्या जागेतून स्वतःसाठी काही मिळवायचे नाही हे आधीच ठरलेले हवे. या तीन अटी पाळणारा प्रतिनिधी मिळणे तेव्हाही सोपे नव्हते. आज मात्र त्याआधीचाच प्रश्न उभा आहे. असा प्रतिनिधी मिळाला, तरी त्याने ज्या टेबलाशी बसायचे ते टेबल पुन्हा मांडले जाणार का?